थिजलेलं पिस्तूल

डोळा लागला की तो माणूस दुकानात यायचा. हातात सुरी, खांद्यांवर बर्फ. त्र्यंबक पिस्तूल रोखून चाप ओढायचा आणि नळीतून गोळी पिकल्या जांभळासारखी टपकन खाली पडायची. माणूस हसायचा.

खरं घडलं तेही याहून फार वेगळं नव्हतं. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बाहेर, हमरस्त्याला लागून त्र्यंबकचं दारूचं दुकान. पुण्याचा पोरगा, पीएचडी अर्धवट टाकून दारू विकतो म्हणून मराठी मंडळात नाकं मुरडली जात. तीच नाकं शनिवारी मागच्या दाराने बाटल्या न्यायला येत. डिसेंबरात सुरीवाला आला. त्र्यंबकने खणातून पिस्तूल काढलं, गोळी भरायला वरची सरकपट्टी मागे ओढून सोडली. ती खाडकन पुढे यायला हवी. आली ती पेंगत, अर्ध्यावर थांबली, आणि काडतूस तिच्या जबड्यात तिरकं अडकलं. तो माणूस पोट धरून हसला, गल्ला उचलून गेला. पैसे गेले ते गेले. हसणं काही गेलं नाही.

पिस्तूल जुनं, स्वस्तातलं, हलक्या धातूचं ओतीव. असला माल बनवणाऱ्या हरामखोरांना गिऱ्हाईक पक्कं ठाऊक असतं: ज्याला चांगलं परवडत नाही, पण भीती मात्र पुरेपूर आहे.

पुन्हा येऊ दे त्याला, जिवंत सोडणार नाही, असं त्र्यंबक बायकोला म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून कांचन गल्ल्यावर त्याच्या शेजारी येऊन बसू लागली.

रविवारी दुपारी बाहेर बर्फ उतरत राही आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर पिस्तुलाचे तुकडे पसरलेले असत. त्याने थकलेली स्प्रिंग बदलली. मॅगझिनच्या फाकलेल्या कडा चिमट्याने जुळवल्या. गोळी ज्या उतारावरून आत चढते तो घासून आरसा केला. घरात सगळं खटाखट चाले. दुकानाच्या गारठलेल्या खणात एक रात्र काढली की ते पुन्हा पेंगू लागे, आणि त्र्यंबकला वाटे, आपण अजून त्या स्वप्नातच आहोत.

एका रविवारी कांचन केसांना लावायला खोबरेलाची बाटली घेऊन आली. खिडकीशी ठेवलेलं तेल पांढरं घट्ट झालं होतं. ती बाटली शेगडीजवळ धरून उभी राहिली. पांढऱ्याचं हळूहळू पाणी होत गेलं. त्र्यंबक बघत राहिला.

खंडेनवमीला दोघांनी त्या पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं होतं. मग त्याने ते पुसून खोबरेल लावलं, वडील कुलपांना, बिजागऱ्यांना लावायचे तसं. तेव्हापासून दर दुरुस्तीनंतर तेच.

"तेल थिजत होतं," तो म्हणाला. "मरता मरता वाचलो मी."

"वाचलात ना? तोही वाचला," कांचन म्हणाली. "आता नीट करताय ते कोणासाठी?"

त्याने सगळं तेल धुऊन काढलं, बंदुकीचं तेल आणून लावलं. दुकानातल्या थंडीत पट्टी खाडकन मिटली. त्याने गोळी भरूनच ते खणात ठेवलं.

बुधवारी दुपारी बर्फ इतका दाट होता की रस्ताच दिसेना. दार उघडलं. पांढऱ्यातून एक माणूस आत आला, खांदे झटकले, आणि कोटात हात घातला.

पिस्तूल कधी हातात आलं ते त्र्यंबकला कळलंच नाही. बोट चापावर होतं. सगळं तेल घातल्यासारखं सुळसुळीत, अडायला कुठे काही उरलेलंच नव्हतं. म्हातारा हॅरल्ड, रोजचं गिऱ्हाईक, पाकीट काढता काढता तसाच उभा राहिला. बाहेर बर्फ पडत होता, तेवढंच काय ते हलत होतं.

"अहो," कांचन हळू म्हणाली. "हॅरल्ड आहेत ते."

बोट सुटायला फार वेळ लागला. त्र्यंबकने मॅगझिन काढलं, आतली गोळी काढली. कांचनने हॅरल्डची नेहमीची बाटली कागदात गुंडाळून दिली. म्हातारा पैसे न देताच निघून गेला, आणि त्याला कोणी हाक मारली नाही.

"हे आजच देऊन येतो पोलिसांकडे," त्र्यंबक म्हणाला.

"गाडी मी चालवते," कांचन म्हणाली. "तुमचे हात बघा."