एकशेअकरा ते एकशेअठरा

"एकशेअकरा ते एकशेअठरा. पात्यानं अलगद काढ, आन् मंग बांध. कोनाले समजलं नाई पाह्यजे," बोबाटे सर म्हणाले आणि त्यांनी कादंबरी पत्रूच्या पुढ्यात टाकली.

पत्रू वाचनालयाच्या ओसरीवर खळीचा डबा घेऊन बसला होता. गेली एकवीस वर्षं तो या तालुक्याच्या गावातली फाटकी पुस्तकं बांधत होता. सर निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनालयाचे अध्यक्ष.

"काऊन काढाची जी?"

"घान लिवलं हाये बाईनं. नवरा-बायकोच्या अंथरुनातलं. आपल्या इथी लेकीबाळी येतात."

लेकीबाळी! मंडईच्या जत्रेत रेकॉर्ड डान्स असला की सरांची खुर्ची पहिल्या रांगेत असते. तेव्हा त्या लेकीबाळी कुठे जातात, कोण जाणे. सर आत गेले.

पत्रू पुस्तकं बांधायचा, वाचायचा नाही. त्याचं लक्ष पानांच्या आकड्यांवर असायचं. पण चुकीचं पान कापलं जाऊ नये म्हणून त्यानं एकशेअकरावर नजर टाकली, आणि ती तिथंच अडकली. कादंबरीतली बाई नवऱ्याला सांगत होती, "आपण जवळ आलो की मला रक्त जातं. दर वेळी." पुढची सगळी पानं ती दोघं नुसती बोलत होती. काय दुखतं, कुठं दुखतं, आणि पूर्वी काय आवडायचं तेही. शेवटी नवरा म्हणत होता, उद्याच दवाखान्यात जाऊ.

पत्रूनं पातं खाली ठेवलं.

मनकर्णाचं, त्याच्या बायकोचं, असंच झालं होतं. सहा वर्षांपूर्वी. ती पहाटे उठून चादर धुऊन टाकायची आणि तो झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचा. बावीस वर्षांचा संसार, दोन लेकरं, पण या गोष्टीसाठी दोघांकडे मिळून एक शब्द नव्हता. पुढे ती हात लावू देईना, तेव्हा हिचं मन उडालं असं समजून हा शहाणा महिनाभर तिच्यावर रुसून बसला होता.

अशक्तपणा वाढला म्हणून दोघं गावातल्या दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं होतं, "नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जातं का?" मागं रांगेतल्या बाया ऐकत होत्या. मनकर्णानं पत्रूकडे पाहिलं. पत्रूच घाईघाईनं म्हणाला, "नाई जी, तसलं काई नाई." रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन दोघं घरी आली. वर्षभरानं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सांगितला, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पत्रू पुस्तक घेऊन आत गेला. सात-आठ माणसं पेपर वाचत होती. खिडकीपाशी कलाबाई झाडत होती.

"सर, मी नाई कापत."

"काऊन? तुले काय समजते रे साहित्यातलं?"

"साहित्यातलं नाई समजत. मनकर्नाचं समजते."

आणि तो उभ्यानंच एकशेअकरावं पान मोठ्यानं वाचू लागला. कोणी फिदीफिदी हसलं. कोणी पेपर तोंडापुढे धरला. सर ताडकन उठले.

"पत्रू! बायामानसं हायेत इथी!"

"त मंग?" पत्रूचा आवाज फाटला. "इथंच बसून आईबहिनीवरून शिव्या देता, तवा नसतात का बाया? शिवी द्याले सारे शब्द येतात आपल्याले. दुखनं सांगाले एक बी नाई! डॉक्टरीनबाईनं इचारलं होतं. मी नाई म्हटलं. लाज राखली मी! बायको मेली माही, अन् लाज हाये अजून. घ्या, ठेवा कपाटात!"

त्यानं पुस्तक टेबलावर आपटलं. आठही पानं जागेवर होती.

"उद्यापासून इथी पाय ठेवू नको," सर म्हणाले.

पत्रूनं टोचा, दोरा, खळीचा डबा पिशवीत भरला. एवढं सहा वर्षांपूर्वी बोललो असतो तर, हा विचार त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

फाटकापाशी मागून हाक आली. "भाऊ."

कलाबाई होती. झाडू तसाच हातात होता. तिनं मागं वळून एकदा दाराकडे पाहिलं.

"ते डॉक्टरीनबाई कोन्या वाराले बसते?"

ती खाली बघत होती.

"मंगळवारी," तो म्हणाला. "सकाळी नऊले."

"आमच्या घरधन्याइले बी आनू का संगं?"

"आना." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पन बाईनं इचारलं, त तुमीच सांगा. त्याइले बोलू देऊ नोका."