गॅरेजातलं विमान सुरू होईना

व्याही घरी येणार म्हटल्यावर तोक्तोसुनने बायकोला सकाळपासून एकच बजावलं होतं. "मांस शिजू दे, त्यांना घोडीच्या दुधाचं कुमीस पिऊ दे, लग्नाची तारीख ठरू दे. पण ते तुझं विमान आज नको. कासिमाली खरा कॅप्टन आहे, अगं. सगळा जन्म बिश्केक-ओश विमान नेण्यात गेला त्याचा. हसेल तो."

"हसू दे," अनारकुल म्हणाली.

अनारकुल दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकवायचं आणि संध्याकाळी गॅरेजात जाऊन बसायचं, हा तिचा शिरस्ता. गाडी बिचारी कित्येक हिवाळे बर्फात उभी होती, कारण गॅरेजात विमानाचं नाक होतं. दोन खुर्च्या, समोर पडदे, डोक्यावर खटक्यांनी भरलेलं छत, सगळं तिने स्वतः जोडलेलं. आतला सिम्युलेटर, म्हणजे विमानाची नक्कल करणारा संगणक, असला खाष्ट, की खऱ्या विमानात जे विसरल्यावर इंजिन रुसतं, ते इथे विसरलं तरी रुसायचं. तरुणपणी ती वैमानिक व्हायचं म्हणून चौकशी करायला गेली होती, तेव्हा तिथल्या माणसाने तिला हवाई सुंदरींच्या रांगेत जायला सांगितलं होतं. नवरा म्हणायचा, खेळणं. मुलगा तिलेक म्हणायचा, आईचा छंद. तिला मात्र एकच हवं होतं, की कधीतरी एखाद्या खऱ्या वैमानिकाने शेजारी बसावं आणि तिला वैमानिक म्हणावं. आणि नशीब बघा, तिलेकने मुलगी पसंत केली ती नेमकी कॅप्टनची.

पाहुण्यांना चहा ओतता ओतता तिलेकच विमानाचं बोलून गेला. कासिमालीने कणकेचा तळलेला बोरसोक तोंडात टाकला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"विहीणबाई, विमान पाळलंय म्हणे तुम्ही. चारा काय घालता?"

"वीज खातं, व्याहीबुवा. फार लाडावलंय. बघता?"

तोक्तोसुनने कपाळाला हात लावला. पण कॅप्टन उठलाच, आणि त्याच्यामागे त्याची बायको बूरुलचाही.

गॅरेजात शिरल्यावर कासिमाली सवयीने डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीकडे वळला.

"ती माझी," अनारकुल म्हणाली. "तुम्ही उजवीकडे."

त्याने भुवया उंचावल्या. "म्हणजे म्हातारपणी मी सहवैमानिक. बरं आहे, बढती उलटी मिळाली."

अनारकुलने तोवर तयारी केलेली होती. शेपटीतलं छोटं इंजिन गुरगुरत होतं. त्याची हवा पाइपातून येते आणि मोठ्या इंजिनाला गरागरा फिरवते. म्हणून केबिनचा एसी आधी बंद करायचा, नाहीतर तो ती हवा पिऊन बसतो. तेही तिने छताकडे हात लांबवून केलं होतं. कासिमाली बसला, हेडफोन घालायला त्याने डोक्यावरचा कलपाक, ती उंच पांढरी मानाची टोपी, काढला, आणि त्याची पंचाईत झाली. कलपाक काही जमिनीवर ठेवत नाहीत, पायाशी नाही, बसायच्या जागी तर नाहीच. मागच्या खुंटीवर अनारकुलचा रक्ताचे डाग पडलेला ॲप्रन लोंबत होता, त्याच्या शेजारी तर कलपाक त्याला बघवेना. शेवटी डोक्यावरच्या छतातल्या खटक्यांत अडकवून त्याने त्याला जागा केली आणि हेडफोन कानाला लावले. अनारकुल तेव्हा डावीकडचे पंप बघत होती.

"उजवं इंजिन सुरू करतेय," ती म्हणाली आणि खटका फिरवला.

झडप उघडल्याचा दिवा लागला. इंजिनाच्या वेगाचे आकडे चढले. आठ, अकरा, चौदा. चौदावर येऊन काटा बसला तो बसलाच. पंचविशीला जायला हवा होता.

"द्या की इंधन," कासिमाली म्हणाला. "वाट कसली बघताय? पेट घेईल."

"चौदावर नाही देणार. नुसतं भाजून निघेल."

"खेळण्यातलं इंजिन, भाजलं तर काय बिघडलं?"

"मी देणार नाही, व्याहीबुवा." तिने खटका परत फिरवला. इंजिन कण्हत थांबलं.

कॅप्टनने तिच्याकडे तिरका डोळा टाकला.

दारातून तोक्तोसुन म्हणाला, "मांस ताटात काढलंय. चला आता. आणि अगं, ते टीव्हीसारखं एकदा बंद करून चालू कर ना, होईल सुरू."

"विमानात माणसं बसल्यावर कोणी बंद-चालू करतं का?"

"कुठे आहेत माणसं?"

"आहेत असं समजा," ती फणकारली.

कासिमालीने हेडफोन सैल केले. "जाऊ द्या, विहीणबाई. तुमची मेहनत दिसते. पण दात असता तर तुम्ही उपटला असता. हे आपलं काम नाही."

आपलं म्हणे. म्हणजे तुमचं नाही, असंच म्हणायचं होतं त्याला. अनारकुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस आता जेवणार, तारीख ठरवणार आणि ओशला जाऊन सांगणार, की विहिणीचं खेळणं चालतच नाही. रडूही येत होतं तिला. पण रडत बसलेल्या डॉक्टरकडे कोण तोंड उघडतं? ती नुसती विचार करत राहिली.

झडप उघडली, म्हणजे खटका ठीक. इंजिन फिरलं, म्हणजे हवा येतेय. पण कमी येतेय. छोटं इंजिन तर धडधाकट आहे. मग मधल्यामधे हवा पितंय कोण? एसीच. पण तो तर तिने स्वतःच्या हाताने बंद केलाय. खात्री करायला तिने वर बघितलं. उजवीकडे, एसीच्या खटक्यांवर आणि त्यांच्या वरच्या हवेच्या काट्यावर, व्याह्यांचा पांढरा कलपाक ऐटीत बसला होता.

आता आली का पंचाईत. परक्या पुरुषाच्या कलपाकाला हात लावायचा नाही, त्यातून व्याह्यांच्या तर नाहीच नाही. आणि पाहुण्याला कलपाक हातात घ्या म्हणायचं, म्हणजे निघा म्हणायचं. अशा एका शब्दावरून सोयरिकी मोडल्यात. तिलेकचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं. पण चौदावर अडकलेलं ते इंजिन काही तिला सोडवत नव्हतं.

"व्याहीबुवा," ती म्हणाली, "कलपाक हातात घ्या."

बूरुलचाच्या हातातली कुमीसची वाटी तिथल्या तिथे थांबली. तोक्तोसुनच्या तोंडचं पाणी पळालं. कासिमालीची मान सावकाश वळली.

"काय म्हणालात?"

"जायला नव्हे, उडायला. तुमच्या कलपाकाखाली एसी चालू आहे. माझी हवा तो पितोय."

मग कासिमालीने दोन्ही हातांनी कलपाक उतरवला. तो पडू नये म्हणून त्याने खाली ओढून घट्ट बसवला होता, आणि त्याबरोबर खटकाही पार खाली गेला होता. वरचा काटा मान टाकून पडला होता. कॅप्टन त्या काट्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या बोटाने खटका वर ढकलला. काटा टुणकन उठला.

"पुन्हा," अनारकुल म्हणाली.

आकडे चढायला लागले. चौदाला ते थांबले नाहीत. कासिमाली कधी मोठ्याने आकडे म्हणायला लागला, ते त्यालाही कळलं नाही. "अठरा. बावीस. पंचवीस." अनारकुलने लिव्हर उचलली. क्षणभर काहीच नाही, आणि मग खोल कुठूनतरी धडधड उठली, तापमान चढलं, टोकाला न जाता उतरलं आणि इंजिन शांतपणे घोंघावायला लागलं. गॅरेजाची पत्र्याची भिंत थरथरली. तोक्तोसुनने नकळत दाराची चौकट धरली.

"माझ्या शेजारच्या खुर्चीत किती पोरं बसून गेली," कासिमाली म्हणाला. "काटा अडकला की मी मुद्दाम म्हणायचो, द्या इंधन. कॅप्टन सांगतोय म्हणून निम्मी पोरं द्यायची. तुम्ही नाही दिलंत."

त्याने कलपाक हेडफोनवरच चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि सरळ बसला.

"मांस गार होतंय," तोक्तोसुन कसाबसा म्हणाला.

"होऊ द्या. आम्ही ओशला चाललोय," कॅप्टन म्हणाला, आणि मग अनारकुलकडे वळून, वरिष्ठांशी बोलतात त्या आवाजात, "कमांडर, डावं इंजिन सुरू करू?"

अनारकुलला समोरच्या पडद्यावरची धावपट्टी पाण्यात पडल्यासारखी दिसत होती. तिने मनगटाने डोळे पुसले.

"करा," ती म्हणाली.