लाल दिवा आणि वीजबाबांची काठी

सकाळी दहाला आमच्या गॅरेजसमोर ही गर्दी! शेजारी कठड्यावर चढलेले, पोस्टमन पत्रं बगलेत धरून थांबलेला. मधोमध काकांची पन्नास वर्षांची मोटार धडधडत होती. बॅटरी चार्ज होत नसल्याचा लाल दिवा आत पेटलेला, आणि उघड्या बॉनेटपाशी वीजबाबा.

"या यंत्रात तहानलेला आत्मा आहे. तो वीज पितो!" बाबा गरजले.

आत्मा वीज पीत होता आणि बाबा आमचा चहा. याआधी तीनदा त्यांनी मंत्र म्हणत आत काठी ठोकली होती आणि तिन्ही वेळा दिवा विझला होता. दोन दिवसांनी तो पुन्हा पेटायचा. म्हणून आज शेवटचा उपाय : गाडी बाबांनाच दान!

काकांच्या हातात गाडीची कागदपत्रं होती आणि डोळ्यांत पाणी. लेक जन्मली तेव्हा तिला त्यांनी याच गाडीतून घरी आणलं होतं. मलाही रडू येत होतं.

तेवढ्यात काकू तरातरा आली. मिक्सर आणि शिलाई मशीनच्या मोटारी दुरुस्त करणं हा तिचा धंदा. अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला.

"बाबा, गाडी खुशाल न्या. पण आज काठी बाजूला ठेवून नुसता मंत्र म्हणा."

"काठीविना? शक्ती काठीत आहे, माई!"

"मग मंत्र कशाला घोकता?"

गर्दी खिदळली. बाबांना नुसता मंत्र म्हणावाच लागला. त्यांना घाम फुटला, दिवा मात्र ढिम्म. मग काकू वाकली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वीज बनवणाऱ्या डायनॅमोवर ठोकू लागली. "बे एके बे, बे दुणे चार..."

'चार' म्हणताच दिवा विझला! पोस्टमनने चक्क शिट्टी मारली.

काकूने इंजिन बंद करून दोन स्क्रू काढले आणि नखाएवढा काळा तुकडा तळहातावर धरला. "हा कार्बन. झिजलाय, म्हणून खाचेत अडकतो आणि वीज बनायची थांबते. ठोका बसला की सरकतो. मिक्सर अडला की थापड मारता ना? तेच हे."

बाबा कधी पसार झाले, कळलंच नाही.

"अगं, मग आधी का नाही बोललीस?" काका ओशाळले.

"आठवडाभर सांगतेय, कार्बन बघा म्हणून! पण मला दाढी नाही ना!"

नवा कार्बन बसला, गाडी घरीच राहिली. मंडळी, चमत्कार दिसला की एकेक गोष्ट काढून बघा. मंत्र काढूनही दिवा विझत असेल, तर मंत्राचं काम काय? आणि दारात बाबा बोलावण्याआधी, घरात ज्याला ते काम येतं त्याला विचारा.