रिकामा गुरुवार

स्वरूपाच्या आईच्या वर्षश्राद्धाची तिथी नेमकी गुरुवारी आली होती. चाकणच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारचीच, म्हणून तिनं वेगळी रजा टाकलीच नाही. आणि तिच्या साहेबांनी, यशवंतरावांनी, त्याच दिवशी मिटिंग लावली. तिनं गयावया केली, तर मोबाइल बघत म्हणाले, "कॅलेंडरमध्ये तुझं काही दिसत नाही."

घरी पिंपळे गुरवला श्राद्धाची पानं उठली आणि ही बाई चाकणात मिटिंगला चहा सांगत बसली. कुणाचं काळीज जळणार नाही हो? तिनं ब्रही काढला नाही, पण डूख धरला तो धरलाच.

यंदा कंपनीला वेळापत्रकासाठी ॲप घ्यायचं होतं. दोन निवडीत उरली. एकात घरचं आणि कामाचं वेगळं. घरच्या वेळेला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्यात सगळ्यांचा एकच तक्ता. जागा रिकामी दिसली की कुणीही काम टाकावं, आणि एकदा टाकलेलं मोठ्या साहेबांच्या परवानगीशिवाय हलायचं नाही.

"तूच ठरव," यशवंतराव म्हणाले.

भल्या माणसानं पहिलं घेतलं असतं. स्वरूपानं दुसरं घेतलं. वर दोनदा बजावलंसुद्धा, "सर, घरचं पण टाका बरं का." ते "हो हो" म्हणाले आणि विसरले. दुसऱ्यानं सगळं लिहून द्यायचं, यांचं मात्र जगानं आपणहून ओळखायचं!

त्यांच्या लेकीचा, दिव्याचा, साखरपुडा गुरुवारी ठरला. पत्रिका त्यांनी स्वतः स्वरूपाच्या हातात दिली, पेढ्यासकट. तिनं ॲप उघडलं. तो गुरुवार कोरा होता. ग्राहक कंपनीच्या लोकांना मशिनं बंद असताना तपासणी करायचीच होती. तिनं तोच दिवस दिला, यशवंतरावांच्या नावावर. पाहुण्यांनी तिकिटं काढली.

सोमवारी ते धावत आले. मोठ्या साहेबांनी हात झटकले होते. आजवर नुसतं स्वरूपा म्हणणारा माणूस म्हणाला, "स्वरूपाताई, अहो, तुम्हाला तर माहीत होतं."

"कॅलेंडरमध्ये नव्हतं, सर."

त्यांना आठवलं असावं. मान खाली घालून निघून गेले.

गुरुवारी ती आईची इरकल नेसून चिंचवडच्या हॉलवर गेली. दिव्या दाराकडेच बघत होती. "पप्पा निघाले का हो?"

"त्यांना काम आहे गं," स्वरूपा म्हणाली आणि पहिल्या पंगतीला बसली. जिलबी तिनं दोनदा मागून घेतली.