चौदा खिडक्यांच्या सुतळ्या

"तीनदा मोज," अजीजाखाला म्हणाली.

"एकदा मोजलं की! छत्तीस इंच. अगदी बरोबर." मी खिडकीत उभी होते, दातांत पेन्सिल आणि गळ्यात शाळेची टेप.

"ते वरचं झालं. आता मधी मोज, मंग खाली."

मध्ये भरलं सव्वापस्तीस. खाली पावणेछत्तीस. मी टेप झटकली, पुन्हा मोजलं, तरी तेच. खाला जोत्यावर बसून खुदुखुदु हसत होती.

"आता ह्यातलं कोनतं धरनार, म्याट्रिकवाले?"

"सरासरी," मी ऐटीत सांगितलं. इंग्रजी सहावीत गणितात मी पहिली आले होते आणि सरासरी हा माझा लाडका धडा होता.

"सरासरी घाल चुलीत. सगळ्यात ल्हान धरायचं. भिंत काय तुज्यासाठी सरकायची न्हाय."

ही माझी पहिली शिकवणी. विजापूर वेशीजवळच्या आमच्या बोळात आमची मधली खिडकी पश्चिमेला तोंड करून आहे. चैत्र लागला की दुपारी दोनपासून घरात भट्टी पेटते आणि आई डोक्यावर ओला पंचा टाकून भाकऱ्या थापते. त्या खिडकीसमोरच खालाचं, बोळातल्या सगळ्यांच्या या मावशीचं, दार. तिच्या दारात बसून मी तिला घडीचे पडदे शिवताना किती तरी वर्षं बघत आले होते. एके दिवशी म्हणाले, आमच्या खिडकीला मीच शिवणार. खाला म्हणाली, "शीव की. कापड तुजं, हात तुजे. मी नुसती बोलनार."

घडीचा पडदा बाजूला सारायचा नसतो. दोरी ओढली की तो खालून घड्या घालत वर जातो, सोडली की सपाट खाली येतो आणि खिडकी झाकून टाकतो. पुढून जाडं कापड, मागून मांजरपाटाचं अस्तर. अस्तरात आडवे नेफे, नेफ्यांत बांबूच्या कामट्या, नेफ्यांवर पितळी कड्या आणि कड्यांतून ओवलेली दोरी. असले पडदे साहेब लोकांच्या बंगल्यांवर असतात आणि ते शिवणारी आमच्या माहितीत एकटी अजीजाखाला.

ती शिकली कशी तेही सांगते. तिचा नवरा गैबीसाब रेल्वेच्या एका साहेबाकडे खानसामा होता. तो वारल्यावर वर्षभरानं मडमेनं खालाला एक फाटका पडदा दिला, फरशी पुसायला चिंध्या कर म्हणून. खालानं चिंध्या केल्या नाहीत. अकरा दिवस बसून तिनं तो एकेक टाका उसवला आणि उसवताना प्रत्येक टाका कुठून कुठं गेला ते बोटांनी पाठ केलं. मग तोच पडदा शिवून, बुरखा घालून, बंगल्यावर नेऊन दिला. "मडम इचारती, किसने सिखाया? मी म्हनलं, ह्या पडद्यानंच."

तेव्हापासून वर्षाला चार-पाच खिडक्या मिळायच्या. उरलेलं वर्षभर विड्या. मांडीवर तंबाखूचं सूप, बाजूला ओल्या पानांची चवड आणि दिवसभर खोकला. पांढऱ्या अस्तराला हात लावायचा झाला की ती आधी चिंचेनं बोटं घासायची, तरी नखांच्या कडा पिवळ्याच. पण तिची कात्री मात्र बघावी! गैबीसाबनं मुंबईहून आणलेली, जड, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली. "ह्या कात्रीनं कापड सोडून काय कापायचं न्हाय. कागद न्हाय, सुतळी न्हाय." मी एकदा त्या कात्रीनं नकाशाचा कागद कापला, तर खाला दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

तिला लिहिता-वाचता येत नाही. तिचं माप म्हणजे सुतळी. रुंदीपाशी एक गाठ, उंचीपाशी दोन. प्रत्येक खिडकीची सुतळी वेगळी, घरातल्या भिंतीवर खिळ्यांना ओळीनं टांगलेली.

"खाला, त्या फेकून दे आता! मी वहीत इंच मांडून देते."

"तुजी वही भिजली मंजी? गाठ भिजून अजून घट्ट व्हती."

माझा पडदा पंधरा दिवस चालला. मांजरपाट दोन दिवस पाण्यात भिजवून त्याची खळ काढली, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटून पडदा वाकडा होतो. कड्या शिवताना पुढच्या कापडाचा एकच धागा उचलायचा, म्हणजे समोरून टाका दिसत नाही. मी उचलले दोन-दोन. खालानं निमूट उसवायला लावले.

शेवटी खाली एकच भाग राहिला. खाला दाराकडे बघून हळूच म्हणाली, "ही तळाची घडी अर्धी ठेवायची. वरच्या घड्यांच्या बरोबर निम्मी. न्हायतर पडदा वर गेल्यावर कड जिभेसारखी लोंबती. हे काय समोरून दिसत न्हाय. हितल्या एका शिंप्यानं तीन पडदे नासवले, त्याला घावलं न्हाय. हे माज्या पोटात हाय बेटी. आता तुज्याबी पोटात ऱ्हाऊ दे."

"राहील," मी म्हणाले. अगदी छातीवर हात ठेवून.

पडदा चढला. आईनं त्या दिवशी तो वीस वेळा वर-खाली केला. बोळातल्या बायका बघायला आल्या. दुपारी आमच्या घरात पहिल्यांदा सावली बसली आणि मी अशी काही चालू लागले की जणू सूर्याला मीच परत पाठवलं होतं.

साहजिकच मी ते शाळेत सांगितलं. आमच्या शाळेचं नवं सभागृह नुकतंच बांधून झालं होतं. पश्चिमेला चौदा खिडक्या! दुपारच्या तासाला मुली वह्या डोक्यावर धरून बसायच्या. मी शिवणाच्या मथुराबाईंना म्हणाले, "बाई, याला घडीचे पडदे हवेत. आणि ते शिवणारी माझ्या घरासमोर राहते."

मथुराबाई पुण्याच्या. गोऱ्या, मऊ आवाजाच्या, वर्गात कधी हात न उगारणाऱ्या. मला तर त्या फार म्हणजे फारच आवडायच्या. माझ्या टाक्यांना त्या 'मोत्यांची ओळ' म्हणाल्या होत्या. त्यांनी खालाला बोलावलं. खाला बुरख्यात आली, चौदाच्या चौदा खिडक्यांशी स्टूल लावून चढली.

"अहो, सगळ्या सारख्याच आहेत. एक मोजलीत की झालं," बाई म्हणाल्या.

"सारख्या दिसत्यात, बाईसाहेब. सारख्या नसत्यात."

दोन तासांत चौदा सुतळ्या झाल्या. घरी आल्यावर खालानं जुन्या सुतळ्या काढून या ओळीनं टांगल्या आणि दुसऱ्या दिवशी विडीचं सूप कारखान्यात परत देऊन आली. "चौदा खिडक्या बघून दुसऱ्याबी शाळा बोलवतील," म्हणाली. "आता ह्या छातीला जरा इसावा." त्या दिवशी तिनं मला शेवयांची खीर खाऊ घातली.

आठवड्यानं मथुराबाईंनी मला थांबवून घेतलं. "वच्छला, शाळेच्या समितीतल्या लोकांना हे प्रकरण समजत नाहीये गं. पडदा तो पडदा, त्यात काय मोठं, म्हणतात. तू सगळी कृती लिहून दे, आकृत्यांसकट. काम किती नाजूक आहे ते त्यांना पटायला हवं."

मी आठ पानं लिहिली! रविवारचा अख्खा दिवस. भूमितीच्या वहीसारख्या आकृत्या, लाल शाईनं बाण. तळाच्या घडीपाशी मात्र अडले. पेन्सिल चावत बसले. मग वाटलं, खरी हुशारी तर तीच. तीच लिहिली नाही तर समितीला खाला कळणार कशी? लिहिली. खाली दोनदा रेघ मारली. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत: ही सर्व विद्या श्रीमती अजीजाबी यांची.

पुढच्या सोमवारी शिवणाच्या तासाला वर्गात पाऊल टाकलं, तर टेबलावर कापडाचे गठ्ठे. फळ्यावर रंगीत खडूंनी माझी आकृती, माझे बाण. तळाशी अर्धी घडी, दोन रेघांसकट. शेवटची ओळ तेवढी नव्हती.

"मुलींनो," मथुराबाई म्हणाल्या, "सभागृहाचे पडदे आपण स्वतः शिवणार आहोत. ही कृती आपल्या वच्छलेनं तयार केली आहे."

टाळ्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या मायाक्कानं मला कोपर मारलं, "वच्छे, तुजंच नाव की गं!" खोटं कशाला लिहू, अर्धा क्षण मला बरंच वाटलं. मग नजर पुन्हा फळ्यावरच्या त्या अर्ध्या घडीवर गेली.

मी उभी राहिले. "बाई, हे माझं नाही. अजीजाखालाचं आहे. मापंसुद्धा तिनं घेतलीत."

"ठाऊक आहे मला. त्यांनी तसदी घेतली, आभारच आहेत त्यांचे. पण आपल्या हातांनी होणारं काम मोलानं का करून घ्यायचं? स्वावलंबन म्हणतात ते हेच. बस."

तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "तुम्ही समितीला पटवायला मागितलं होतं. काम नाजूक आहे म्हणून."

"दाखवलं की. पण वाचून सगळेच म्हणाले, हे तर मुलींनाही जमेल." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतकं सोपं करून लिहिलंस तू."

त्या खरंच कौतुकानं म्हणाल्या. मला तो हात झटकून टाकायचा होता. मी झटकला नाही.

खालाला कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी तर नाहीच. मी शिवायला नकार दिला असं लिहायला आवडलं असतं, पण शिवणाला गुण होते आणि बाई माझ्या बाकाशी उभ्या होत्या. मी चार पडदे शिवले. अस्तराचे सगळ्यांत सरळ टाके माझेच होते.

घरी आले की पहिलं काम, पडदा सोडायचा. सकाळी, संध्याकाळी, ऊन असो नसो. पलीकडून खोकला ऐकू यायला लागला होता. पडद्याला अस्तर असलं तरी आवाज काही अडत नाही.

"शिवला तो ह्याच्यासाठी व्हय?" आई एकदा म्हणाली.

मी पुस्तकात डोकं घातलं.

"वर कर तो, वच्छे. तुला ती दिसत न्हाय म्हणून काय तिला तू दिसत न्हाईस?"

तीन आठवडे काढले. शाळेत पडदे बसले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोळ ओलांडला. चार पावलांचा बोळ.

खाला आत बसली होती. मांडीवर सूप, शेजारी ओल्या गोणपाटात पानं. भिंतीवर चौदा सुतळ्या तशाच.

"आलीस? बस. पानावर पाय दिऊ नको."

मी उंबऱ्यातच बसले.

"बसवले?"

"काल."

"तळाची घडी?"

मी खाली बघितलं. "अर्धी."

"हं." तिनं एक विडी वळून संपवली. "मंग लोंबत नसतील."

"खाला, मी तुझं नाव लिहिलं होतं! शेवटी, मोठ्या अक्षरांत. बाईंनी तेवढंच गाळलं. मला वाटलं, समितीला कळेल तू किती..."

"तुला म्हनलं हुतं पोटात ठेव." तिचा आवाज जराही चढला नाही. "तू कागदावर ठेवलंस."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही, आणि अशा वेळी माझी जीभ नको तेच करते. "मडमेचा पडदा तू तरी कुठं कुणाला विचारून उसवलास?"

बोललं आणि वाटलं, जमीन फाटावी. खालानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"न्हाय इचारलं," ती म्हणाली. "पन ज्यानं तो शिवला, तो माज्या समोरच्या दारात ऱ्हात नव्हता."

तिनं पुढची विडी वळायला घेतली. मी उठावं की बसावं ते कळेना. मग तिनंच विचारलं, "सगळे एकाच मापाचे केले?"

"हो. बाई म्हणाल्या, खिडक्या सारख्याच आहेत."

"मंग पाचवा अडत असंल. आन अकरावा."

मी मान वर केली. "पाचव्याच्या कामट्या घासतात. अकरावा तर वर जातच नाही."

तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली. खिळ्यांवरून बोट फिरवत गेली, पाचव्यापाशी थांबली, अकराव्यापाशी थांबली. दोन सुतळ्या काढून माझ्या हातात दिल्या.

"दोन्ही बाजूंनी कड उसव. अस्तर पयला. कामट्या तासून घे. ह्या मापानं पुन्ना शीव." आणि खोकत म्हणाली, "अडकलेला पडदा बरा न्हाय दिसत."

"खाला, तू ये ना शाळेत. मी बाईंना सांगते की..."

"मला पानं कापायची हायती."

ती बसली. गोणपाटातून एक पान काढून तिनं त्यावर पत्र्याचं माप ठेवलं आणि गुडघ्याखालून कात्री घेतली. मखमलीचा तुकडा तिथंच चुरगळून पडला होता. गैबीसाबची कात्री ओल्या पानातून करकरत गेली. तिच्या पात्यांवर पानांचा चीक सुकून काळा झाला होता.

मी दोन सुतळ्या हातात धरून उभी होते. खालानं पुढचं पान घेतलं.