हळदीखालचा रस्ता

रुख्मिणीबाईंनी तहसीलदारांकडे रस्त्याचा अर्ज टाकला, तेव्हा अर्धा तांडा हसला. उरलेला अर्धा तोंडावर हसला नाही, एवढंच. सेनगाव तालुक्यातला हा चाळीस घरांचा तांडा डांबरी सडकेपासून जेमतेम दीड किलोमीटर, पण वाट जायची अमृतरावांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून. पन्नास वर्षं कोणी हूं की चूं केलं नव्हतं. यंदा पेरणीला रुख्मिणीबाईंचा मुलगा रामप्रसाद आणि अमृतराव यांचं वाजलं आणि दुसऱ्या सकाळी धुऱ्यावर काटेरी तार उभी राहिली. आता सडक गाठायची तर ओढ्यातून, आणि ओढा भरला की घरात बसायचं.

इकडे रामप्रसादची बायको मिना सातव्या महिन्यात. पहिलं लेकरू तार नव्हती तेव्हाच, धुऱ्यावरून बाजेवर नेता नेता गेलं होतं; तिथं गाडी येतच नव्हती. ॲम्बुलन्सवाला फोनवर म्हणाला होता, "सडकेपर्यंत आणा, पुढचं आमच्याकडं." सडकेपर्यंत आणायचं कसं, ते त्याला विचारून उपयोग नव्हता. तहसिलीतल्या एका कारकुनानं मात्र रुख्मिणीबाईंना सांगितलं की जुन्या नकाशात रस्ता निघाला, तर तो कोणाच्या बापाला अडवता येत नाही. बाईंनी ते वाक्य गाठीशी बांधलं.

पाहणीच्या दिवशी तहसीलदार मॅडम आल्या. हाताची घडी घालून अमृतराव आले. आणि जुना नकाशा वाचायला हिंगोलीहून आले दत्तोपंत, मोजणी खात्यातून निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेले, गुडघे गेलेले, पण निजामाच्या वेळची उर्दू अक्षरं घडाघडा वाचणारे. चहाशिवाय काही घेत नसत आणि चहाही बिनसाखरेचा, त्यामुळे त्यांना उपकाराखाली आणणं कोणाला जमलं नव्हतं.

त्यांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. तांड्याची माणसं भोवती जमली, तसे पंत खुलले.

"निजामाच्या सरकारनं मोजणीची पद्धत इंग्रजांची उचलली," ते म्हणाले. "साखळी घेऊन माणसं उन्हातान्हात शिवार तुडवायची. वाट आडवी आली की थांबायचं आणि विचारायचं. कोणाच्या रानातून जाते हे नंतर. आधी, हिच्यावरून कोण जातं, आणि कधीपासून? एकाच घराची वाट असली तर सोडून द्यायची. साऱ्यांची असली तर नकाशावर तुटक रेघ. एकेरी म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीरस्ता. रेघ पडली की वाट सगळ्यांची झाली."

"लई भले लोक व्हते म्हणायचे," रामप्रसाद म्हणाला.

"भले कसले! त्यांना शेतसारा वसूल करायचा होता आणि कापूस न्यायचा होता. पण काम चोख. शंभर वर्षांपूर्वीचा तो मोजणीदार कोण होता देव जाणे, एक रेघ त्यानं आळसानं ओढलेली नाही." पंतांनी चष्मा पुसला. त्या अनोळखी माणसाविषयी त्यांच्या आवाजात अशी माया होती की रुख्मिणीबाईंनाही तो क्षणभर आपला कोणीतरी वाटला.

मग पंत नकाशावर वाकले. नकाशा एकदा फिरवला, पुन्हा फिरवला आणि शिवारात पाहिलं. त्यांनी बाईंना बाजूला बोलावलं.

"रुख्मिणीबाई, रस्ता आहे. चांगला दुहेरी रेघेचा आहे. वर उर्दूत लिहिलंय, आम रस्ता, बैल लदेणीचा, म्हणजे ओझ्याचे बैल हाकायचा. पण अमृतरावांच्या धुऱ्यावर नाही."

त्यांनी काठी उचलून दाखवलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला रुख्मिणीबाईंची हळद उभी होती, गुडघाभर, हिरवीगार. आणि त्या हिरव्याच्या मधोमध, तांड्यापासून गायरानाकडे, एक पट्टा खुरटा आणि पिवळा. त्याच्यापुढे वेड्या बाभळींनी भरलेलं गायरान आणि त्यापलीकडे, ओढा न ओलांडता, सडक.

त्या पट्ट्यात बाईंनी दुप्पट शेणखत घातलं होतं, बेणं बदललं होतं, नजर उतरवली होती, आणि पन्नास वर्षं त्याला शिव्या दिल्या होत्या. आता सगळं आठवलं. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. सासऱ्यांनी, पेमा नाईकांनी, ओझ्याचे शेवटचे दोन बैल विकले होते. पेमा नाईकांच्या लेखी वाट बैलांची. माणसं तिच्यावरून चालत ती बैलांच्या मागे. बैल गेले म्हणजे वाटही गेली. म्हणून त्यांनी वाटेला रीतसर निरोप दिला. नारळ फोडला, कुंकू वाहिलं, गूळ ठेवला, डोळे पुसले आणि नांगर घातला. नांगरामागून दगड वेचणारी रुख्मिणीच होती.

रस्ता कुठं निघाला ते रामप्रसादनं ओळखलं. तो कानाशी आला. "याडी, गप ऱ्हा. कागद जुना हाय म्हणू. धुऱ्याचीच वहिवाट लावून धरू. आपली हळद काहून घालवायची?"

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. पोराचं चुकलं नव्हतं. घर त्याच हळदीवर चालत होतं. पण जे सासऱ्यांना कळलं नव्हतं, ते बाईंना त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघताना लख्ख कळलं होतं: बैल गेले तरी वाट साऱ्यांचीच राहते.

"पंत, मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. "समद्यांला ऐकू जाऊ द्या. रस्ता माझ्या रानात हाय."

अमृतरावांच्या हातांची घडी सुटली. मॅडम हळूच म्हणाल्या, "पीक निघेपर्यंत मुदत देते, आजी. फाल्गुनापर्यंत."

"लेकरू फाल्गुनापर्यंत थांबून ऱ्हाईल व्हय?"

आणि बाई पदर खोचून हळदीत शिरल्या. पहिलं रोप त्यांनीच उपटलं. मग तांड्यातल्या बाया शिरल्या, हसणाऱ्या आणि न हसणाऱ्या सगळ्या. शेवटी रामप्रसादही वाकला. वीतभर माती बाजूला झाली तशी पंतांनी काठी आपटली. ठक्क. खाली मुरूम होता, हजारो खुरांनी दाबलेला. नांगर त्याला पन्नास वर्षं नुसता खरवडत होता. पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांनी आयुष्यभर रस्ते मोजले होते, पण आपल्या हातानं आपलंच पीक उपटून रस्ता दाखवणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

गायरानातल्या बाभळी उरल्या. तिसऱ्या दिवशी तिथं ट्रॅक्टरचा आवाज आला. अमृतराव स्वतः चालवत होते.

"माझं मागलं रान हिकडूनच जवळ पडतं," ते रुख्मिणीबाईंकडे न बघता म्हणाले. "जाऊ देता का, वहिनी?"

"मी कोण जाऊ देणारी? ज्याला जायचंय त्यानं जावं."

भादव्यात ओढा दोन्ही काठ भरून वाहत असताना ॲम्बुलन्स थेट मिनाच्या दारात येऊन थांबली. मिनाला आत चढवताना चालक म्हणाला, "रस्ता झकास झाला, आजी. नवीन केला का?"

"न्हाई बाबा, जुनाच हाय," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मीच बुजवला व्हता."