बाकीची माणसं माजिवड्याला

देवरामच्या हँडबिलात वरपासून खालपर्यंत ‘आम्ही’ भरलेले होते आणि गाळ्यात देवराम एकटा होता.

तसा दोष त्याचा नव्हता. डोंबिवलीत एमआयडीसीच्या रस्त्याला, एका लोखंडी कपाटवाल्याच्या मागे, सत्त्याऐंशी साली त्याने मोटर रिवाइंडिंगसाठी, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरायच्या कामासाठी, गाळा भाड्याने घेतला, तेव्हा कागदावर सरळसोट लिहून नेलं होतं, ‘मी पंपाच्या जळलेल्या मोटारी भरून देतो. मी स्वतः येऊन मोटर काढतो आणि बसवून देतो.’ छापखान्याचे महिपतशेठ ते वाचून चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिले.

‘‘अरे, नोकरीचा अर्ज छापायचाय का तुला? मी, मी, मी! लोक म्हणतील, एकटा माणूस, मोटर घेऊन पळाला तर शोधायचा कुठे?’’

‘‘पण मी एकटाच आहे ना, शेठ.’’

‘‘मग मी कोण आहे रे इथे? खिळे मीच जुळवतो, मशीन मीच चालवतो, पावती मीच फाडतो. बाहेर बोर्डावर काय लिहिलंय ते बघून ये.’’

बोर्डावर ‘महिपत अँड ब्रदर्स’ लिहिलेलं होतं. त्या ब्रदर्सपैकी एक गावाला शेती करत होता आणि दुसरा जन्मालाच आलेला नव्हता. शेठनी पेन्सिल घेऊन देवरामचा एकेक ‘मी’ खोडला आणि दोन दिवसांनी गुलाबी कागदावर छापून आलं, ‘आमच्याकडे सर्व प्रकारच्या पंपांच्या मोटारी खात्रीपूर्वक भरून मिळतील. आमचे अनुभवी कारागीर आपल्या इमारतीत येऊन काम करतील. आमची कोठेही शाखा नाही.’

‘‘शाखा नाही, हे कशाला?’’ देवरामने विचारलं.

‘‘शाखा नाही असं लिहिलं की लोकांना वाटतं, काढायची म्हटली तर निघाली असती.’’

ते हँडबिल त्याने कल्याणच्या चाळीत आईला वाचून दाखवलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आमी म्हंजे कोन रं?’’ देवराम म्हणाला, ‘‘तू आणि मी.’’ ती इतकी हरखली की दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन स्वतः गाळ्यावर यायला लागली. स्टुलावर बसून कॉइलना दोरा बांधायची आणि आल्यागेल्याला ‘आमच्याकडं’ असं म्हणून भाव सांगायची, तोही चुकीचा. पुढच्याच वर्षी ती गेली. हँडबिलांचा गठ्ठा मात्र अजून निम्मासुद्धा संपला नव्हता.

आता एवढं छापून बसल्यावर माणसाने एकट्याने कामाला जायचं म्हणजे पंचाईतच. गुरुकृपा सोसायटीची मोटर जळली, देवराम पान्यांची पिशवी घेऊन हजर झाला, तर जिन्यात चार सभासद गुलाबी कागद हातात धरून उभे. ‘‘अनुभवी कारागीर कुठायत हो?’’ देवराम गडबडला. आदल्या दिवशी कामासाठी ठाण्याला गेला होता, तेव्हा हायवेला माजिवड्यात नवीन टॉवर उठताना बघितले होते, तेच तोंडातून बाहेर पडलं. ‘‘बाकीची माणसं माजिवड्याला आहेत. मोठी साइट आहे तिकडे.’’

सभासदांचे चेहरे एकदम बदलले. एकाने तर मोटर उचलायला हात लावला. तेव्हापासून देवरामची बाकीची माणसं माजिवड्यालाच असायची. बारा महिने, सणवारसुद्धा. एवढं काम माजिवड्यात असेल असं तिथल्या बिल्डरांनाही वाटलं नसेल.

गुरुकृपाच्या पंपाची किल्ली तळमजल्यावर रखमाबाईंच्या दारामागे खिळ्याला असायची. त्यांचे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी होते. ते वारले, नवीन सेक्रेटरी आले, पण किल्ली त्या खिळ्यावरून हलवायचं कोणाला सुचलं नाही. पंप लावायचा आणि टाकी भरली की बंद करायचा, एवढं एकच काम त्या घरात वेळच्या वेळी करायला उरलं होतं आणि रखमाबाई ते कामावर जाणाऱ्या माणसासारखं करायच्या. मुलगा बडोद्याला होता. महिन्यातून एकदा समोरच्यांच्या फोनवर त्याचा आवाज यायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी देवरामला आत बोलावून घरातल्याच कपात चहा दिला. जातपात, गाव, काही विचारलं नाही. विचारलं ते भलतंच. ‘‘काय रे, तुझी ती माजिवड्याची पोरं जेवतात कुठे?’’

‘‘तिथेच. करून खातात.’’

‘‘चौघं-पाचजण असतील ना? नावं काय त्यांची?’’

देवरामने समोर सुचतील ती नावं सांगून टाकली. काळुराम हा त्याचा वार्निशवाला, चंदू सायकलवाला आणि रामा म्हणजे चाळीतला शेजारी. चौथं नाव पंढरी. हा पंढरी कुठून आला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण रखमाबाईंच्या मनात भरला तो पंढरीच.

दिवाळीला त्यांनी फराळाच्या पाच पुड्या बांधून दिल्या. ‘‘सणाला घराबाहेर आहेत रे बिचारी. एक तुझी, चार त्यांच्या.’’ देवराम त्या पुड्या घेऊन गाळ्यावर आला आणि आईच्या स्टुलावर ठेवून कामाला लागला. चकल्या त्याला नाताळापर्यंत पुरल्या. खाताना दर वेळी वाटायचं की आपण कोणाच्या तरी वाटणीचं खातोय.

मग हे वाढतच गेलं. रखमाबाई विचारायच्या आणि देवराम सांगायचा. पंढरीचा ताप उतरला. पंढरीचं लग्न जमलं, मुलगी खडवलीची. रखमाबाईंनी ट्रंकेतून हिरवा खण काढला, वर नारळ ठेवला. ‘‘सुनेला माझ्याकडून दे.’’ वर्षाने पंढरीला मुलगी झाली, कारण आता झाली नसती तर रखमाबाईंनी डॉक्टरचं नाव सुचवलं असतं. त्यांनी डोळे ताणताणून पिवळं टोपडं शिवलं, त्याला लाल गोंडा लावला. देवरामने खण आणि टोपडं आईच्या लुगड्याशेजारी ठेवून दिलं. टोपड्याची त्याला खरोखर लाज वाटली होती.

आणि खरं सांगायचं तर त्याला पंढरीचा हेवा वाटायला लागला होता. दार उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न पंढरीचा. मग त्याच्या बायकोचा. मग पोरीला दात आले का. देवराम चहा पीत सगळ्यांची खुशाली सांगायचा आणि वाट बघायचा की आता त्या म्हणतील, ‘आणि तू रे? तू कसा आहेस? तुझ्या जेवणाचं कोण बघतं?’ कप रिकामा व्हायचा, टाकी भरायची, रखमाबाई किल्ली घेऊन उठायच्या. तो प्रश्न काही यायचा नाही. ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत, त्याला कोण कशाला विचारील?

ब्याण्णव सालच्या थंडीत मोटारीचं बेअरिंग बदलायला गेला, तेव्हा घरात खोकी बांधलेली दिसली. मुलाने डोंबिवलीची जागा विकली होती. रखमाबाई रविवारी बडोद्याला निघणार होत्या.

‘‘मला विचारलं नाही रे कोणी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चांगलंच आहे म्हणा तिकडे. पण शनिवारी तू सगळ्यांना जेवायला घेऊन ये. एक दिवस माजिवड्याचं काम बंद पडलं तर काय आभाळ कोसळत नाही. पंढरीला डोळ्यांनी एकदा बघू दे मला.’’

देवराम ‘बरं’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी सकाळी तो मजूर उभे राहतात त्या नाक्यावर गेला. एक दिवसाची मजुरी आणि वर जेवण म्हटल्यावर चार कशाला, चाळीस आले असते. तो एकेकाचं तोंड बघत उभा राहिला. एक काळुराम म्हणून खपला असता. चंदू आणि रामा तर कोणीही झाला असता. पण पंढरी जरा लाजरा, बोलताना मान तिरकी करणारा, आणि मुलीचं नाव काढलं की हसणारा. देवरामनेच तसा सांगितला होता. त्या सगळ्या गर्दीत पंढरी कोणीच नव्हता. एक मुकादम येऊन म्हणाला, ‘‘बोलो सेठ, कितने आदमी मंगता?’’ आणि देवरामच्या तोंडून निघालं, ‘‘कोई नहीं.’’

तिथून घरी येऊन त्याने स्वच्छ शर्ट घातला, खण आणि टोपडं पिशवीत टाकलं. बाबासाहेबांच्या आणि आईच्या फोटोसमोर क्षणभर उभा राहिला. त्याच्या मनात एकच होतं. ही बाई उद्या जाणार. त्याआधी जगात निदान एका माणसाला कळू दे की देवराम एकटा आहे. मग ती रागवो, हाकलून देवो, पण एकदा आपल्याकडे, फक्त आपल्याकडे बघून बोलू दे.

रखमाबाईंनी बांधलेली खोकी भिंतीला सरकवून पाच पाट मांडले होते. समोर पाच ताटं, त्यातली दोन शेजारून आणलेली. मसालेभाताचा वास जिन्यापर्यंत आला होता. त्यांनी देवरामच्या मागे वाकून बघितलं.

‘‘मागून येतायत?’’

‘‘नाही, काकू.’’

‘‘माजिवड्याला?’’

‘‘माजिवड्याला कोणी नाही. कधीच कोणी नव्हतं. मी एकटाच आहे, पहिल्यापासून. हँडबिलात तसं छापायची पद्धत आहे म्हणून छापलं, मग तुम्ही विचारत गेलात आणि मी सांगत गेलो.’’ त्याने पिशवीतून खण काढला, त्यावर टोपडं ठेवलं आणि दोन्ही पुढे केलं. ‘‘माझं चुकलं.’’

रखमाबाईंनी टोपडं हातात घेतलं. गोंडा अजून नव्यासारखा लाल होता.

‘‘हे कोणी घातलंच नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि ती मुलगी?’’

‘‘नाही, काकू. तीसुद्धा नाही.’’

त्या खाली पाटावर बसल्या आणि रडायला लागल्या. देवरामने रागाची तयारी केली होती, हे त्याच्या हिशोबात नव्हतं. फसवलंस म्हणून त्या रडत नव्हत्या. घरातलं माणूस गेल्यावर बायका रडतात तशा, पदर तोंडावर धरून, आवाज न करता त्या पंढरीसाठी रडत होत्या. देवरामला वाटलं, आपण चार धडधाकट माणसं, एक सून आणि एक लेकरू उंबऱ्यात उभं राहून मारून टाकलं.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘कशाला सांगितलंस रे? उद्या मी चाललेच होते. नेली असती ना मी त्यांना माझ्याबरोबर. तिकडे बसल्या बसल्या आठवलं असतं, आता पंढरीची पोर शाळेत जात असेल. दुसरं काय होतं मला न्यायला?’’

देवराम समोरच्या पाटावर बसला. त्याला सांगायचं होतं की मी आहे ना, मला आठवा. मी खरा आहे, तुमच्या समोर बसलोय. पण असं कोणाला सांगता येत नाही. ते समोरच्याला आपणहून सुचावं लागतं.

रखमाबाईंनी डोळे पुसले आणि त्याला वाढलं. तो जेवला. चार ताटं तशीच मांडलेली राहिली, त्यांनी ती उचलली नाहीत. भात आणखी घे म्हणाल्या, लाडू घे म्हणाल्या, पण नजर त्या पाटांवर होती. सगळं जेवण होईपर्यंत दोघांत एवढंच बोलणं झालं.

तो हात धुऊन आला तेव्हा त्या वर्तमानपत्राचे तुकडे करून लाडू बांधत होत्या. एक, दोन, तीन, चार. चार पुड्यांना नीट दोरा बांधला, देवरामच्या पिशवीत ठेवल्या. मग खणाची घडी सारखी करून तोही पिशवीत घातला. टोपडं हातातच राहिलं होतं. गोंड्यावरून बोट फिरवत त्या देवरामकडे न बघता म्हणाल्या, ‘‘हे आता लहान होत असेल तिला.’’

देवरामने टोपड्याकडे बघितलं. नाही म्हटलं असतं तर तेही खरंच झालं असतं. खरं बोलायलाच तर तो आलेला होता.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘डोकं मोठं झालंय. चालायला लागली ना आता. भिंतीला धरून धरून चालते.’’

‘‘बाई गं!’’ रखमाबाईंचा चेहरा उजळला. ‘‘मग पंढरीला म्हणावं, दाराला आडवी फळी लाव. या वयात पोरं पडतात.’’

‘‘सांगतो.’’

‘‘आणि काळुरामला म्हणावं, विडी सोड.’’

‘‘सांगतो, काकू.’’

टोपडं त्यांनी पिशवीत सर्वांत वर ठेवलं. देवराम वाकून पाया पडला, पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दारात थोडा थांबला. चपलेचा अंगठा नीट करण्याच्या निमित्ताने आणखी थोडा थांबला. आत रखमाबाई रिकाम्या पाटांपाशी उभ्या होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या. मग त्यांना आठवण झाली, दारामागची किल्ली घेऊन त्या पंप लावायला गेल्या.